थळोबाचं वळण

थळोबाच्या वळणावर गाडी पुन्हा मेली.

आचके नाहीत, धूर नाही, कसली खडखड नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत छान चालली होती. एकाएकी आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि संपला. घाटात एवढी शांतता पडली की खालच्या पाझराचं पाणी ऐकू यायला लागलं. दोन्ही ब्रेक आवळले, तरी गाडी हातभर मागं सरकलीच. मागं काय होतं ते मान वळवून बघायची मला गरज नव्हती. तिथला कठडा माझ्या वडलांच्या अपघातात पडला होता आणि तो अजून कुणी बांधला नव्हता.

"थळोबा, बाबा, आज नको," मी मोठ्यानं म्हणाले.

मी नर्स. देवदेव करणाऱ्या बायकांना "आधी गोळी गीळ, मग अंगारा लाव" म्हणून दटावणारी. पण त्या वळणावर माझं शिक्षण, माझी नोकरी, माझी मिजास, सगळं गळून पडलं होतं. त्यात वरून हॉर्न वाजला. मी कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला ढकलली आणि थळोबाच्या दगडाला पाठ लावून उभी राहिले. ट्रक अंगावरून गेल्यासारखाच गेला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून सांगितलं, "बाई, जागा वाईट आहे ती! थांबू नका तिथं!"

"मी काय हौसेनं थांबले का?" असं ओरडायचं मनात होतं, तोवर ट्रक वळणाआड गेलाही.

पायवाटेनं एक म्हातारी लाकडाचा भारा घेऊन उतरत होती. ती थांबली, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"दौलतची लेक न्हवं तू? गेल्या बारीलाबी हितंच बंद पडली व्हती म्हणं."

"हो आजी."

"बापाचा पाय घेतला तरी त्येचं प्वाट भरलं न्हाई गं. नारळ दे त्येला," असं म्हणून म्हातारी आपल्या वाटेनं गेली.

माझ्याजवळ कुठला नारळ? कडेचं एक रानफूल तोडलं, त्या शेंदऱ्या दगडावर ठेवलं, हात जोडले. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग उठून किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली.

खरं सांगते, मघापेक्षा मी तेव्हा जास्त घाबरले. बंद पडणारी गाडी कळते. फूल वाहिल्यावर चालू होणारी गाडी घेऊन माणसानं करायचं काय? मी तोंड फिरवलं आणि उताराला लागले. वर मठवाडीला माझं उपकेंद्र होतं, तिथं लसीकरणाला बायका पोरं घेऊन बसल्या असतील हे माहीत असूनही मी घरी आले.

गाडी तात्यांची. तात्या म्हणजे माझे वडील. जुनी, जड, दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक. तिच्यावरून तात्या घाटावर दूध घालायचे. एका दिवशी थळोबाच्या वळणावर चढाला ती अशीच मेली. तात्या किक मारत असताना गाडी मागं सरकत गेली, आणि खालून उसाचा ट्रक आला. गाडीला ओरखडे आले. तात्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून गाडी गोठ्यात पोत्याखाली आणि तात्या सोप्यात खाटेवर.

मला सरकारनं नेमणूक दिली ती नेमकी त्याच घाटाच्या माथ्यावर. एस.टी. संध्याकाळी वर जायची, मुक्काम करायची आणि सकाळी खाली यायची. म्हणजे मला हवी त्याच्या बरोबर उलट. वरच्या क्वार्टरचं छप्पर वादळानं नेलेलं, त्यामुळं तिथं राहायची सोय नाही. मी एक दिवस पोतं ओढलं आणि म्हणाले, "तात्या, ही चालू करू या."

तात्या खाटेवरून गोठ्याच्या दारात आले. ते कुबडी घेऊन दगडावर बसायचे आणि सांगायचे, मी करायची. "प्लग काढ. घास. अगं, पातेलं घासतीस व्हय? हळू!" पॉइंट, चेन, ब्रेकच्या पट्ट्या, सगळं एकेक करून मार्गी लागलं. टाकीत गंज साठला होता. ती उतरवून, खडी-पाणी घालून, खुळखुळ्यासारखी हलवून हलवून माझे खांदे निखळायचे बाकी राहिले. टाकी वाळेपर्यंत इंजिन तपासायचं कसं? मी दवाखान्यातली सलाईनची रिकामी काचेची बाटली आणली. तिच्यात पेट्रोल भरलं, आढ्याला उलटी टांगली, बुचात एक सुई नळीची खुपसली आणि सवयीनं दुसरी हवेची. नळी कार्ब्युरेटरला जोडून किक मारली, तर गोठा निळ्या धुरानं भरून गेला आणि म्हशींनी दावी तोडायचा घाट घातला. तात्या हसत होते. किती वर्षांनी!

"पेशंट शुद्धीवर आला रे!" ते ओरडले.

बाटलीवर ती तासन्‌तास चालली. मग टाकी बसवली आणि मी नदीच्या पुलापर्यंत चकरा मारून आले. एकदाही खोकली नाही. गाडी मी पुसून लख्ख केली. फक्त टाकीच्या झाकणावर आईनं दसऱ्याला लावलेला शेंदराचा टिळा होता, तो तेवढा पुसला नाही. तात्याच तो कधी कुणाला पुसू द्यायचे नाहीत. माझी आई, हौसाबाई, दर दसऱ्याला गाडीची पूजा करायची. कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून शेंदूर तेलात कालवून लावायची, आणि लावायची ती झाकणालाच. "ते गाडीचं कपाळ हाय," म्हणायची. अपघातानंतर मात्र तिनं गाडीकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. आम्ही गोठ्यात काम करायचो तेव्हा ती धार काढायलाही यायची नाही. म्हशी घरामागच्या परड्यात नेऊन बांधायची.

त्या दिवशी मी अर्ध्या घाटातून घरी आले तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"थळोबालाच?"

मी मान हलवली.

ती खाली बसली. रडली नाही. माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय मालन. अजून एकदा जरी बंद पडली, तर गाडी भंगारात आणि नोकरीचा राजीनामा. एका पायावर भागलं, तुला न्हाई द्यायची मी त्येला."

"आई, अशा शपथा..."

"म्हण, व्हय म्हण!"

मी हो म्हणाले. काय करणार? तात्या खाटेवर पडून कौलं मोजत होते.

गावात गाडीतलं कळणारा माणूस एकच, गुंडू लोहार. आणि त्याच्याच दारात जायला आमच्या घराला तोंड नव्हतं. अपघाताच्या आदल्या दिवशी गाडी त्याच्याकडं होती. तात्यांना दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी आई चावडीसमोर, भर गावात, त्याच्या दारात उभी राहून किंचाळली होती, "तुझ्या हातात किडं पडतील गुंड्या! तू माझ्या मालकाचा पाय खाल्लास!" गावानं ऐकलं आणि गावानं मानलं. त्यानंतर गुंडूकाकाच्या दारात कुणी गाडी लावली नाही. नांगराचे झिजलेले फाळ ठोकून शेवटायचे, कुऱ्हाडी पाजवायच्या, एवढ्यावर तो जगत होता.

मी कार्ब्युरेटर पिशवीत घालून गेले. मला बघून तो भात्यावरून उठला आणि आधी रस्त्याकडं बघितलं.

"आई कुठाय?"

"तिला माहीत नाही काका."

"मग जा बाई. माझ्यावर आता आणखी काय नको."

"काका, मला दर खेपेला त्या घाटातनं जायचंय. तुम्ही नाही बघितलं तर कोण बघणार?"

त्यानं पुन्हा रस्त्याकडं बघितलं. पण हात पुढं केला. कार्ब्युरेटर खोलला, जेट उजेडाला धरून बघितला, फ्लोट पेट्रोलमध्ये बुडवून बघितला. पुन्हा जोडला. "ह्यात काय बी न्हाई. बंद पडते कुठं?"

"थळोबाच्या वळणावर. दोन्ही वेळा."

त्याचा हात थांबला. "तवाबी तिथंच," तो हळूच म्हणाला. "त्या साली दसरा झाला आणि तुझा बा म्हणायला लागला, घाटात गाडी दम सोडतीया. मी ह्योच कार्ब्युरेटर साफ केला. नीट केला. आईशपथ नीट केला. पुलापर्यंत चालवून बघितली, काय न्हाई. आणि दुसऱ्या दिवशी..." त्यानं तोंड पुसलं. "आता तर मलाच वाटतंय मालन, माझंच कायतरी चुकलं असंल. एवढं गाव म्हणतंय."

"आणि ती जागा?"

"जागेला मीबी भितो," गुंडूकाका म्हणाला. "मी त्या वाटंनं जातच न्हाई."

ज्याच्याकडं मोठ्या आशेनं गेले, तोच माझ्यापेक्षा घाबरलेला. मी पिशवी उचलली आणि परत आले.

नवरात्र बसलं होतं. आई नऊ दिवसांचे उपास करत होती. एका सकाळी मी गाडी बाहेर काढली तर ती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, पदराच्या ओट्यात नारळ घेऊन दारात उभी.

"मीबी येणार."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. आज बंद पडली तर शेवटचीच चक्कर न्हवं ही? मग चल. आज त्येला त्येचा नारळ देते, आणि काय व्हायचं ते दोघींचं व्हईल."

तात्या खाटेवर उठून बसले. "अगं ए..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं. आई तोवर मागं बसलीही होती, एका अंगाला, एक हात ओट्यातल्या नारळावर आणि दुसऱ्यानं माझा खांदा असा धरलेला की संध्याकाळी तिथं बोटं उमटलेली दिसली.

घाट सुरू झाला तशी ती पुटपुटायला लागली. अंबाबाई, जोतिबा, थळोबा, पुन्हा अंबाबाई. मी एकेक वळण मोजत होते. करवंदीची जाळी गेली. पाण्याचा पाझर गेला.  गाडी छान चालली होती, आणि त्या छान चालण्याचीच मला भीती वाटत होती.

"हितंच थांबीव," आई कानात ओरडली. "आधीच नारळ फोडू."

"चढाला थांबवता येत नाही गं!"

थांबवायची गरजच पडली नाही. आवाज बारीक झाला.

"आई, उतर!"

ती उतरली, पण बाजूला नाही झाली. गाडी मागं सरकायला लागलेली बघून ती गाडीच्या मागं गेली आणि सीटला खांदा लावून उभी राहिली. तिच्या मागं वीतभर मुरूम आणि त्याच्या मागं काहीच नाही. माझे दोन्ही ब्रेक आवळलेले, सुट्या मातीत चाकं घसरत होती, आणि मला आरशात तिचे पाय दिसत होते. टाचा मुरमात रुतत मागं मागं चाललेल्या.

"सोड गं आई! जाऊ दे गाडी! सोड!"

"न्हाई सोडणार!"

वरून हॉर्न वाजला. सकाळची एस.टी. खाली येत होती. मी जिवाच्या आकांतानं हँडल डोंगराकडं फिरवलं. आईनं पायानं एक धोंडा चाकाखाली सरकवला. गाडी अडली. एस.टी. आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली आणि आम्ही दोघी गाडीला धरून तशाच उभ्या राहिलो. आईचे ओठ पांढरेफटक पडले होते. एक चप्पल खाली दरीत गेली होती.

मग ती जी चवताळली! ओट्यातला नारळ काढला आणि त्या दगडावर असा आपटला की शकलं रस्ताभर झाली.

"घे! घे की! किती खाशील? मालकाचा पाय घेतलास, आता लेक देणार न्हाई! ऐकतोस का रं?" आणि मग तिथंच खाली बसून ती हुंदके द्यायला लागली.

 हातांना काहीतरी काम द्यावं म्हणून मी पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स.

झाकण सैल होताच टाकीनं हवा आत ओढली. मोठा श्वास घ्यावा तसा आवाज झाला.

मी जागच्या जागी थिजले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सलाईन लावताना नवी पोरगी हवेची सुई खुपसायला विसरते. मग बाटली भरलेली असते, पण थेंब पडत नाही, कारण हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. हवेची सुई खुपसली की पहिल्यांदा असाच आवाज होतो. गोठ्यात बाटलीला मीच दोन सुया लावल्या होत्या, म्हणून गाडी तासन्‌तास चालली. पुलापर्यंतच्या चकरेला थोडंच पेट्रोल लागतं, म्हणून तिथंही काही कळलं नाही. घाटाला टाकी श्वास कोंडून येत होती, आणि घरापासून थळोबापर्यंत आली की तिचा दम संपत होता. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपायची आणि ती चालू व्हायची. फूल वाहा, नाहीतर वाहू नका.

मग हवेचं भोक कुठंय? मी झाकण उलटं केलं. आतून बारीक भोक होतं. सुलटं केलं. वर भोक नव्हतं. वर आईचा टिळा होता. वर्षांवर वर्षं, तेलात कालवून, एकावर एक लावलेला, लाखेसारखा कडक झालेला टिळा.

मी नखानं खरवडलं. लाल भुगा निघाला.

"काय गं?" आईनं डोळे पुसत विचारलं. "काय झालं?"

आयुष्यात मी पुष्कळ भ्याले. अडलेल्या बाईचं मूल हाताला लागत नसतं तेव्हा भ्याले, पुरात होडीत बसले तेव्हा भ्याले. पण रस्त्यावर नारळाच्या शकलांत बसलेली आई माझ्याकडं बघत होती तेव्हा जी भ्याले, तशी कधीच नाही.

"काही नाही. पेट्रोल बघत होते."

"हाय?"

"आहे."

झाकण अर्धवट सैल ठेवून मी किक मारली. गाडी चालू झाली. आईनं दगडाला कपाळ टेकलं. "पावला गं बाई, पावला! माझी शपथ सुटली."

"हो," मी म्हणाले, "पावला."

मठवाडीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. आई मागं बसून लहान पोरीसारखी डोंगर दाखवत होती, "ते बघ, ते बघ" करत होती. मी पुढं बसून रडत होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं दिसावं म्हणून गाडी जरा जोरातच चालवली.

संध्याकाळी गोठ्यात बसून सुईनं ते भोक मोकळं करत होते तर दारात कुबडी वाजली. तात्या. त्यांनी झाकणाकडं बघितलं, सुईकडं बघितलं, खाली पडलेल्या लाल भुग्याकडं बघितलं. ज्यानं जन्मभर गाडी चालवली त्याला काय समजावून सांगायचं? त्यांनी दाराला पाठ टेकली.

"दसऱ्यानंतरच," ते म्हणाले. "दसऱ्यानंतरच दम सोडाय लागलेली."

"हो तात्या."

"तिला कळलं?"

"नाही."

"कळू द्यायचं न्हाई." त्यांनी घराकडं बघितलं. "मालन, ती रोज माझा ह्यो खुंट धुती. तेल लावती. तिला जर कळलं तर ती विहीर जवळ करंल. मला दुसरा पाय बी गेलेला चालंल."

"आणि गुंडूकाका?"

तात्यांनी कुबडी काखेत घेतली.

"तात्या, तो माणूस म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं असंल. त्याचं काय करायचं?"

"मला काय इचारू नको," तात्या म्हणाले आणि कुबडी टेकत निघून गेले.

गाडी आता इमानानं चालत होती. मी रोज घाट चढत होते, रोज थळोबा मागं टाकत होते, आणि भीती काही जात नव्हती. ती घाटातून उठून आमच्या घरात राहायला आली होती. आई तांदूळ निवडताना गप्प बसली तरी मी तिच्या तोंडाकडं बघत राहायची. चावडीवरून जाताना गुंडूकाकाच्या भात्याचा आवाज आला की मी मान खाली घालायची. त्यात दसरा जवळ येत होता. गाडी चालू झालेली. आई पूजा करणार, शेंदूर कालवणार. काय सांगून थांबवायचं तिला?

दसऱ्याच्या दिवशी मी गाडी धुऊन अंगणात लावली. तात्या खाटेवरून अंगणात येऊन बसले होते. आई आतून ताट घेऊन आली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ आणि वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. तिनं हँडलला माळ घातली. चाकांना हळदकुंकू वाहिलं. मग बोट शेंदरात बुडवलं आणि टाकीकडं वळली.

"आई," मी म्हणाले. आणि एक पाऊल पुढं झाले.

तिचं बोट झाकणाच्या वर थांबलं. तसंच राहिलं. तात्यांची कुबडी हातातून निसटून खाली पडली.

आईनं हात मागं घेतला आणि टिळा पुढच्या दिव्याच्या वर, पत्र्याला लावला.

"हितं बरा," ती म्हणाली. "झाकणाला नको. तिला श्वास घ्यायचा असतोय."

मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी माझ्याकडं.

"आई, तुला..."

"तुम्ही बापलेकीनं मला काय दूधखुळी समजलाय काय रं?" ती ओरडली नाही, हळूच बोलली, आणि म्हणूनच ऐकवेना. "झाकण उघडलं तवा तिनं घेतलेला श्वास मीबी ऐकला. तुझ्या नखांत शेंदूर होता, आणि मग झाकणावर ते भोक मोकळं झालेलं बघितलं. गाडी चालू झाल्यावर कोण रडतं गं? आरशात दिसत होतीस मला मठवाडीपतूर." मग ती तात्यांकडं वळली. त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या त्या तुटक्या पायावर डोकं टेकलं. "मालक, माझ्या हातानं गेला की हो तुमचा पाय."

"तू देवाचं म्हणून लावलंस," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "हौसा, ऊठ. ऊठ बघू. आपल्या घरातलं आपल्या घरात ऱ्हाऊ दे."

आई उठली. पदरानं तोंड पुसलं.

"शिव्या घरात बसून दिल्या नव्हत्या मी," ती म्हणाली. "मालन, काढ गाडी."

गाव शिलंगणाहून परतत होतं. चावडीसमोर माणसांची ही गर्दी, एकमेकांना सोनं देणं, पाया पडणं चाललेलं. गुंडूकाका आपल्या दारात, उंबऱ्याच्या आतच उभा होता. त्याला सोनं द्यायला कुणी येत नसे. आमची गाडी दारात थांबलेली आणि मागून आई उतरलेली बघितली तसा तो दोन पावलं मागं सरला. हात आपोआप तोंडापुढं आला, मार चुकवावा तसा.

"वहिनी, मी कायबी केलं न्हाई," तो म्हणाला. "पोरगी आली होती, मी नुस्तं बघितलं..."

गर्दी आमच्याकडं वळली. आई त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिच्या हातात आपट्याची पानं होती आणि तिनं आवाज चावडीच्या पलीकडं ऐकू जाईल असाच काढला.

"गुंडू, तुझं काय चुकलं नव्हतं. टाकीचं हवेचं भोक माझ्या शेंदरानं बुजलं होतं. मालकाचा पाय माझ्या हातानं गेला, तुझ्या न्हाई. सगळ्या गावानं ऐका. ज्या तोंडानं शिव्या दिल्या त्याच तोंडानं सांगतीया." मग तिनं पानं पुढं केली. "सोनं घे बाबा. घेशील का न्हाई ते तुझ्यावर हाय."

 गुंडूकाकानं दोन्ही हात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि ओंजळ पुढं केली. पानं घेतली. डोळ्यांना लावली. वाकून आईच्या पाया पडला आणि उठताना त्याला उठताच येईना. आईनंच दंडाला धरून उभं केलं.

तो गाडीजवळ आला. झाकण काढलं, उजेडाला धरलं, भोकातून फुंकर मारून बघितली. दोनदा मारली. तोंडातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता का रडण्याचा ते मला आजही सांगता येणार नाही. मग झाकण बसवलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मालन, गाडी ऱ्हाऊ दे हितं. एकदा नीट बघतो. उद्या न्या."

गाडी अगदी ठणठणीत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी आईकडं बघितलं.

"ठेव की गं," आई म्हणाली. "मिस्त्री म्हणतोय तर ठेव."

मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि आम्ही दोघी सगळ्या गावादेखत चालत घरी आलो.